शेरा

नोंदवहीत मी लिहिलं:
पिल्लू, नर, वय अंदाजे वीस दिवस.
ठिकाण: दोसोचा रस्ता, एकसष्टाव्या दगडाच्या अलीकडे.
कारण: कांद्याचा ट्रक.
शेरा:

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
कुरेच्या या माळावर नऊ वर्षं जिराफ मोजतोय,
तेवढ्यात सगळं मावत आलं:
कुंपणाच्या तारेत कापलेला पाय,
विहिरीत घसरलेलं तान्हं,
बाजरी खाल्ली म्हणून कुणीतरी मारलेला दगड.

ती तीनशे सतरा नंबरची.
मानेच्या डाव्या अंगाला फुटक्या मडक्यासारखा ठिपका,
म्हणून माझी धाकटी तिला खापरी म्हणते.

जिराफाला वाकणं सोपं नसतं.
आधी पुढचे पाय फाकवायचे,
एक इकडे, एक तिकडे, चाचपत चाचपत,
मग ती एवढी लांब मान खाली सोडायची.
तशा अवस्थेत कुणी चालून आलं
तर पळायलाही जमत नाही.
म्हणून पाण्यावरसुद्धा ती उभी राहतात घटकाभर,
वाकू की नको, वाकू की नको.

खापरी दुपारपर्यंत एकतीस वेळा वाकली.
मी मोजलं. मला पगार मोजण्याचाच मिळतो.
पाय फाकवले, मान सोडली,
नाकानं त्याचा कान ढकलला,
थांबली,
मग सगळं पुन्हा उचललं.
पाच पावलं गेली. परत आली.

ट्रकवाला इद्रिसा, मिसरूड न फुटलेला,
कडेला सांडलेले कांदे वेचत होता,
एकेक शर्टाला पुसून पोत्यात टाकत.
"काका, अंगावर येईल का ती?"
नाही, म्हटलं.
"मग अशी का बघते माझ्याकडे?"
तुझ्याकडे नाही बघत रे ती.
तो जास्तच घाबरला.

दुसऱ्या दिवशी सलामतू आली,
डोक्यावर पाण्याचा भोपळा.
तिची दोन मुलं गोवरात गेली, त्याला बरीच वर्षं झाली,
ती कधी बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.
तिनं भोपळा खाली ठेवला. बघत राहिली.
"पान्हा दाटला असेल," म्हणाली, "दुसरं काय."
भोपळा उचलला आणि गेली.

मी दुर्बीण लावली.
खरंच होतं.
कास तटतटलेली, मागच्या पायाच्या आतल्या बाजूनं
एक पांढरी रेघ खुरापर्यंत,
तिच्यावर माशा.
नऊ वर्षं मी फक्त ठिपके बघत होतो.

रात्री कोल्हे आले.
तिच्या लाथांचे आवाज मी चादरीतून ऐकले,
कोरड्या जमिनीवर मुसळ पडावं तसे.
मध्येच आवाज थांबले की मी उठून बसायचो.

नियामेच्या साहेबांना फोन केला.
ते चांगले आहेत, शिकलेले आहेत.
म्हणाले, "हमानी, दुःख असं लिहू नकोस.
दुःख आपल्याला माहीत नाही.
किती तास उभी होती ते लिही."

तिसऱ्या दिवशी चार माद्या आल्या,
आळीपाळीनं हुंगून गेल्या.
ती एका बाभळीपर्यंत गेली, जीभ लावली,
पानं तशीच सोडली.

चौथ्या पहाटे ती नव्हती.
पावलं दक्षिणेकडे गेली होती,
दोनदा मागे वळून.

शेऱ्यात लिहिलं: आई हजर, एकाहत्तर तास.
शाई थोडी रकान्याबाहेर गेली.

मग खड्डा खणण्याआधी मोजमाप.
खुरापासून डोक्यापर्यंत एक मीटर ब्याऐंशी,
माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त.
टेप धरायला मी वाकलो,
एका झटक्यात, काही विचार न करता,
आणि तसाच राहिलो.
उभं राहायची लाज वाटली.